वाघोबाचा वाटा

बाईजाचा वाघोबावर पुरा विश्वास होता. विश्वास नव्हता तो कमळूवर. आणि अडचण अशी, की वाघोबा यायचा तो नेमका कमळूच्याच अंगात.

शहापूरकडच्या शेणवे गावाच्या वरच्या बाजूला, डोंगराला चिकटून असलेल्या वाडीत हे दोघं बहीणभाऊ राहायचे. कमळू वाडीचा भगत. बाप भगत, आजा भगत, त्यामुळे सूप, मूठभर तांदूळ आणि मोरपिसांचा कुंचा एवढी इस्टेट त्याच्याकडे आपोआप चालत आली. बाईजा त्याच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याचं नाक पुसलं, त्याच्यासाठी नाचणीची पेज फुंकून फुंकून गार केली. पुढं लग्न होऊन ती मुरबाडकडे गेली, नवरा तापानं गेला, आणि ती परत भावाच्या दारात आली ती कायमची. अंगानं काटकुळी, पण आवाज असा, की तिनं अंगणातून हाक मारली तर खालच्या शेतातले दुसऱ्यांचे बैलसुद्धा थांबायचे.

वाडीतला रिवाज असा होता. कुणी आजारी पडलं, कुणाची म्हैस आटली, कुणाचं पोर दचकायला लागलं, की मोहाच्या दारूची बाटली घेऊन भगताकडे यायचं. भगत आधी देवासाठी जमिनीवर धार सोडायचा. मग उरलेली आपण घ्यायचा, कारण त्याच्या तोंडानं देवच पितो. मग घुमायला लागायचा, सुपातले तांदूळ बघायचा आणि काय ते सांगायचा. कमळूचा बाप अर्धी बाटली जमिनीला पाजायचा. कमळूच्या हाती कारभार आल्यावर ती धार बारीक बारीक होत गेली, आणि शेवटी शेवटी तो डोळ्यात औषध घालावं तसे दोन थेंब टाकून मोकळा व्हायचा.

पहिल्या पहिल्यांदा देव अमावास्या-पुनवेला यायचा. मग आठवड्याच्या बाजारादिवशी यायला लागला. पुढं तर त्याला काळवेळच राहिली नाही. सकाळी तोंड धुवायच्या आधी देव हजर. आजारी माणूस नसला तरी देव हजर. ठकी नावाची शेजारीण ओढ्याकाठी भट्टी लावायची, तिच्या भट्टीचा धूर दिसला की देवाला राहवायचं नाही.

"कमळ्या, मरशील रे," बाईजा म्हणायची.

"मी कुठं पितो गो बाय? देव पितो. मी नुसतं तोंड देतो."

"मग ओकायला पण देवालाच सांग. अंगण मी नाय सारवणार."

पण सारवायची तीच. कुणी विचारायला आलं आणि कमळू पडवीत आडवा असला, की "भगत ध्यानाला बसलाय" असंही तीच सांगायची. त्याची बायको गंगी मात्र तेवढी सोशिक नव्हती. एका सकाळी तिनं डोक्यावर बोचकं घेतलं आणि खर्डीजवळच्या माहेराची वाट धरली. "देवाबरोबर संसार कराया मी काय देवी हाय?" एवढं म्हणाली आणि गेली. बाईजाला मनातून तिचं बरोबरच वाटलं. तोंडानं तिनं तिला चार शिव्या घातल्या, कारण नणंदेनं तेवढं करावंच लागतं.

बाईजानं एकदा युक्ती केली. आलेल्या बाटलीत गुपचूप निम्मं पाणी घातलं. कमळूनं पहिला घोट घेतला आणि डोळे वटारून गर्जना केली, "माझ्या दारूत पाणी कोणी घातलं?" जमलेली माणसं थरथर कापली. बघा, देवाला कसं सगळं कळतं! त्या एका गर्जनेनं कमळूचं नाव पार किन्हवलीपर्यंत गेलं आणि पंधरवड्यात बाटल्या दुप्पट झाल्या. बाईजानं कपाळावर हात मारून घेतला.

मग तिनं ठरवलं, भगताला भगतच भारी. मुरबाडकडे, म्हशाच्या जवळ, नवशा म्हणून एक नावाजलेला भगत होता. तो दारू सोडवतो असं बाईजानं सासरी असताना ऐकलं होतं. पौषात म्हशाची जत्रा भरते. जत्रेचं आमिष दाखवून तिनं कमळूला चालवत नेलं, आणि घोंगड्यांच्या बाजारातून सरळ नवशाच्या अंगणात उभा केला. नवशानं तांदूळ पाहिले, मान हलवली. "दारूनं धरलाय," तो गंभीरपणे म्हणाला. "उतारा कडक लागंल. दोन बाटल्या आण."

बाईजानं आणल्या. दुसरं काय करणार? नवशाच्या अंगात त्याचा देव आला. ते बघून कमळूच्या अंगातही आला. दोन्ही देव मांडीला मांडी लावून बसले, एकमेकांची खुशाली विचारली आणि दोन्ही बाटल्या संपवून एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. निघताना नवशा म्हणाला, "बाईजा, तुझा भाऊ लय मोठा माणूस हाय." त्या शिमग्याला तो बाटली घेऊन कमळूकडे पाहुणा म्हणून आला आणि तीन दिवस हलला नाही. रोग एक होता, औषध करायला गेलेल्या बाईजाच्या घरात आता दोन झाले.

पावसाळा संपता संपता कमळूच्या डोळ्यांत हळद उतरली. पोट टम्म, हातपाय काड्या. सकाळी सूप हातात धरलं की न पाखडताच तांदूळ उडायचे. बाईजा घाबरली. आजवर तिला राग यायचा, ती ओरडायची, पण घाबरायची नाही. आता मात्र कापणीला आलेल्या भातशेतात उभी राहून ती एकटीच रडली, आणि मग डोळे पुसून कमळूला बैलगाडीत घातलं आणि शहापूरला नेलं.

शहापूरच्या पेठेत एक तरुण डॉक्टर बसायचे. चष्मा, पांढरा कोट, आणि चेहऱ्यावर फार माणसं बघितल्याचा थकवा.

"किती पितोस?" त्यांनी विचारलं.

"मी नाय पीत."

"मग कोण पितो?"

"देव."

डॉक्टरांनी बाईजाकडे पाहिलं. बाईजानं छपराकडे पाहिलं. डॉक्टरांनी कमळूच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली, तसा देव कळवळला.

"तुझ्या देवाचं यकृत सुजलंय," डॉक्टर म्हणाले. "त्याला निरोप दे. असाच पीत राहिला तर पुढच्या वर्षीची दिवाळी बघणार नाही. मुंबईत सरकारनं दारूबंदी केलीय, ती इकडं कधी येईल तेव्हा येईल. तू आजच कर."

"दारूबंदी?" कमळू चकित झाला. "सरकारच्या अंगात कोण आलाय?"

डॉक्टरांनी पोटासाठी औषधाची बाटली दिली. कागदाची पट्टी चिकटवलेली, तिच्यावर डोसाच्या खुणा कापलेल्या. बाईजाला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "बाई, ओढून आणलेल्या माणसाला माझ्याकडे औषध नाही. तो आपल्या पायानं येईल त्या दिवशी घेऊन या." बाईजा म्हणाली, तो आपल्या पायानं येईल त्या दिवशी मी कशाला आणू? आणि डॉक्टर पहिल्यांदा हसले.

परतताना आंब्याखाली बैल सोडले. बाईजा पाणी आणायला विहिरीवर गेली, तेवढ्यात कमळूनं बूच काढून औषधाचा वास घेतला. त्याचं नाक कसं फसणार? त्या अर्कात थोडं का होईना स्पिरिट होतंच. ती परत आली तेव्हा सगळे डोस एकदम पोटात गेले होते आणि कमळू गाडीत प्रसन्न बसला होता. "दाक्तर चांगला हाय गो बाय," तो म्हणाला. "पुन्हा येऊ."

बाईजा वाडीपर्यंत एक शब्द बोलली नाही. बैल सारखे वळून बघत होते, बाई आज गप्प कशी म्हणून. भगत झाला, डॉक्टर झाला. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कमळूशी बोलून उपयोग नाही, कारण पितो तो कमळू नाही असं तो म्हणतो. मग बोलायचं कुणाशी? जो पितो त्याच्याशी.

थोड्याच दिवसांत वाघबारस आली. दिवाळीच्या तोंडावरचा हा वाघोबाचा दिवस. रानाच्या कडेला वाघ कोरलेला दगड आहे, तिथं सगळी वाडी जमते, खीर शिजते, दगडाला शेंदूर लागतो, आणि यंदा आमच्या गुरांकडे बघू नको असं वाघोबाला विनवलं जातं. मग भगताच्या अंगात देव येतो. त्या दिवशी कुणीही उठून काहीही विचारावं, देवानं उत्तर दिलंच पाहिजे. विचारणारे संपल्याशिवाय देवाला उठता येत नाही. देव सगळ्यांना लेकरू म्हणतो. वाडीचा सगळ्यात म्हातारा देवजी, ज्याच्या तोंडात एक दात उरला होता, त्यालाही देव "लेकरा" म्हणायचा, आणि देवजी हात जोडून "जी, देवा" म्हणायचा.

कमळूनं दोन थेंब जमिनीवर टाकले, बाकीची रिचवली आणि घुमायला लागला. कुणी म्हशीचं विचारलं, कुणी लढाईचं विचारलं. सायबाची विलायतेत लढाई लागली म्हणतात, ती इकडं येणार काय? देव म्हणाला, येणार नाय, वाटेत घाट हाय. सगळ्यांना बरं वाटलं.

मग बाईजा उठली. पदर खोचला आणि दगडासमोर बसली.

"देवा, माझं एक विचारणं हाय."

"विचार, लेकरा," देव म्हणाला.

"ह्या गणूला दारूनं धरलेला, तो तूच सोडवलास." देवजीचा पुतण्या गणू मागच्या बाजूला बसला होता, त्यानं मान खाली घातली. पण खरं होतं. कमळूनंच त्याच्या मनगटाला दोरा बांधून, वाघाची भीती घालून, त्याला सोडवलं होतं. दुसऱ्याची सोडवण्यात कमळूचा हात धरणारा कुणी नव्हता. "तसा माझ्या भावाला सोडव. पोट फुगलंय त्याचं. मरंल तो."

देवानं मोरपिसांचा कुंचा झटकला. मग म्हणाला, "तुझा भाऊ पीत नाय, लेकरा. आमी पितो. तो आमचं झाड हाय, आमी त्याच्यात ऱ्हातो."

"हां," बाईजा म्हणाली. "मला पण तोच बोलतो. मंग देवा, ह्ये झाड आतून पोकळ झालं. आता कुठल्याही दिवशी पडंल, आणि पडलं मंग तू पिणार कुठून? तुला नवं झाड पायजे. मी हाय की. त्याच बापाची, त्याच आईची. आजपासून तुझा वाटा मी पिते. ह्याला सोड."

असं म्हणून तिनं बाटली उचलली, करवंटी भरली, आणि कुणी काही म्हणायच्या आत घटाघटा पिऊन टाकली. उभ्या आयुष्यात तिनं दारूला बोट लावलं नव्हतं. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं. "शी! ह्याच्यासाठी एवढा जीव टाकतोस?" ती देवाला म्हणाली, की कमळूला, ते कळलं नाही.

देव घुमायचा थांबला होता.

बाईजानं दुसरी करवंटी भरली. ती खरंच पिणार होती. नंतर पुष्कळ वर्षं वाडीत यावर वाद चालला, बाईजा नाटक करत होती की काय. मी तिला ओळखणाऱ्यांपैकी, म्हणून सांगतो. त्या बाईला नाटक येत नव्हतं. भाऊ सुटणार असेल तर तिनं ती बाटली, ठकीची भट्टी आणि नवशाच्या दोन्ही बाटल्या एका दमात पोटात घातले असते. तिनं करवंटी ओठाला लावली.

कमळूनं तिचं मनगट धरलं.

"बाय, नको," तो म्हणाला. "बाय, नको गो."

दारू दगडावर सांडली. देव कुणाला बाय म्हणत नाही, देवाला बहीण नसते. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं, आणि कमळूलाही कळलं. त्याचा चेहरा उतरला.

देवजी म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "देव गेला काय?"

"गेला नाय बाबा," बाईजा म्हणाली. तिची जीभ जड झाली होती. "आज आलाच नव्हता." आणि तिथंच वाघोबाच्या दगडाला टेकून झोपी गेली. तिला तिघांनी उचलून घरी आणावं लागलं. वाडीत एवढी मोठी वाघबारस पुन्हा झाली नाही.

आता कुणाला वाटेल, त्या दिवसापासून कमळू सुधारला. छे! त्या दिवसापासून तो बहिणीशी बोलेनासा झाला आणि दुप्पट प्यायला लागला. फक्त आता कुणी बाटली आणून देत नव्हतं. विचारणारे नवशाकडे जायला लागले, आणि कमळू ठकीच्या भट्टीवर लाकडं फोडून प्यायला लागला, इतर माणसांसारखा. बाईजानंही एक गोष्ट बदलली. पाणी घालणं बंद, लपवणं बंद, "भगत ध्यानाला बसलाय" हे तर पहिल्यांदा बंद. कुणी विचारलं तर ती अंगणातून, बैल थांबवणाऱ्या आवाजात सांगायची, "प्यालाय, पडलाय!" सकाळी मात्र त्याच्या उशाशी पेजेचं भांडं असायचं. ते कधी चुकलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला एका दुपारी तो खळ्यावरून धडपडत आला. उलटीत रक्त पडलं होतं. उंबऱ्यावर बसला.

"बाय," तो म्हणाला, "मी पितो."

बाईजा नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"देव नाय पीत. मीच पितो."

"मला म्हायती हाय रे," ती म्हणाली. तिला तेव्हा त्याला कडेवर उचलून घ्यावंसं वाटलं. पण तो आता उचलण्याजोगा राहिला नव्हता, म्हणून तिनं त्याचं तोंड पदरानं पुसलं.

"तो दाक्तर अजून बसतो काय गो?"

शहापूरला दवाखान्यात शिरताच बाईजानं आधीच सांगून टाकलं, "सायेब, बाटली देऊ नका, पुड्या द्या." डॉक्टरांनी पुड्या दिल्या. पुढचे दिवस वाईट जातील, हात कापतील, नाही ते दिसेल, एकटा सोडू नका, फारच झालं तर इकडं आणा, असं बजावलं. वाईट म्हणजे किती वाईट ते बाईजाला मग कळलं. कमळू घामानं न्हायचा, दात वाजायचे, ठकीच्या घराकडे तोंड करून गुरासारखा ओरडायचा. आणि एका भर दुपारी तो कुडाकडे बोट दाखवून किंचाळला, "वाघ! बाय, वाघ आला!" इतकी वर्षं ज्याच्या नावानं प्याला, तो बिचारा पहिल्यांदाच खरोखर भेटायला आला होता, आणि भगत भीतीनं बहिणीच्या मागं लपला होता.

बाईजानं केरसुणी उचलली. "कुठाय?"

"तिथं. कुडावर."

तिनं कुडावर सपासप केरसुणी मारली. "नीघ! नीघ इथून! तुझा वाटा संपला!" मग वळून विचारलं, "गेला?"

"शेपूट दिसतंय."

तिनं शेपटीलाही हाणलं. असे वाघ दोन दिवस येत राहिले आणि बाईजा हाकलत राहिली. कूड पार सोलून निघाला, तो तिला पुन्हा सारवावा लागला.

त्यानंतरही तो एकदा घसरला. गणूच्या लग्नात प्याला, आणि रस्ताभर लोळून घरी आला. दारात उभा राहून म्हणाला, "बाय, मी प्यालो." बाईजानं ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडली नाही. पूर्वी हाच माणूस भरलेल्या तोंडानं "मी नाय" म्हणायचा. तिनं त्याला आत घेतला, आणि सकाळी उशाशी पेज ठेवली.

दिवस गेले आणि पुन्हा वाघबारस आली. डोळ्यांतली हळद बरीच उतरली होती, पोटही. डॉक्टरांनी सांगितलेली दिवाळी दोन दिवसांवर होती आणि कमळू आपल्या पायावर उभा होता. वाडीला भगत नव्हता. नवशाला बोलावलं होतं, पण तो वाटेत कुठल्या तरी भट्टीवर अडकला असणार. खीर थंड व्हायला लागली. देवजीनं इकडंतिकडं बघितलं आणि बाटली कमळूच्या हातात दिली. दुसरं कोण देणार धार? बापापासूनचा मान त्याचा.

बाईजा बायकांत बसली होती. तिनं दोन्ही हातांनी गवत घट्ट धरलं. उठावं, बाटली हिसकावून घ्यावी, असं तिला वाटलं. ती उठली नाही.

कमळूनं बूच काढलं. वास आला तसं त्यानं तोंड बाजूला वळवलं, ते सगळ्यांना दिसलं. त्यानं बाटली वाघोबाच्या दगडासमोर तिरपी केली. दोन थेंब पडले. मग चार. मग धार लागली, आणि तो धरूनच राहिला. बापाची अर्धी झाली तरी थांबला नाही. बाटली पार उलटी होऊन शेवटचा थेंब पडेपर्यंत तो तसाच उभा राहिला, घामानं भिजून.

"आरे, भगताचा वाटा?" देवजी म्हणाला.

"त्याचं त्याला दिलं," कमळू म्हणाला. "माझं आज काय नाय."

जमिनीवर मोठा ओला डाग पसरला होता. बाईजा जवळ येऊन तो बघत उभी राहिली. डोळे भरून आले होते, ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती मोठ्यानं बोलली, इतक्या मोठ्यानं, की खालचे बैल थांबले असावेत.

"बिचारा वाघोबा," ती म्हणाली. "किती वर्षांनी आज पोटभर मिळाली त्याला."

सगळी वाडी हसली. कमळूही हसला. त्यानं बाईजाच्या खांद्यावर हात टाकला.

"बाय," तो हळूच म्हणाला, "घरी पेज हाय काय गो?"

"चल," ती म्हणाली.